दाराच्या आत, दाराबाहेर

हे सदर आम्ही दोघं मिळून लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. स्वयंपाकघरातला हिशेब असो, मुलांची शाळा असो की घराचं कर्ज, ‘आम्ही’ लिहिताना आजवर कधी हात अडला नाही. या महिन्यात अडला. आमच्या धाकटीला तीन वर्षं पूर्ण झाली, तेव्हा ठरवलं की तिच्या जन्माची रात्र एकदा लिहून काढू. लिहायला बसलो तर कळलं, की त्या रात्री आमच्यात एक दार होतं. एक जण आत, एक जण बाहेर. जे आत घडलं ते बाहेर माहीत नव्हतं आणि जे बाहेर घडलं ते आतल्याला आजच, लिहिता लिहिता कळलं. म्हणून सोयीसाठी आमच्यातल्या एकीला आतली म्हणू आणि दुसऱ्याला बाहेरचा.

आमचं गाव मोताळ्याकडचं, म्हणजे घाटाखालचं. आपल्या जिल्ह्यात माणसाची ओळखच घाटावरचा की घाटाखालचा अशी होते. बुलढाणा घाटावर, आम्ही खाली, आणि मध्ये राजूर घाट. दिवसा वीस-बावीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पावसाळ्यातल्या रात्री, कळा येत असलेल्या बाईला घेऊन जाताना तेच अंतर केवढं होतं, ते त्या गाडीत बसलेल्यालाच विचारावं.

पेरण्या आटोपल्या होत्या. इशाची नमाज होऊन घर झोपायला लागलं होतं. आतलीच्या कमरेत संध्याकाळपासून दुखत होतं, पण ती बोलली नाही. का बोलली नाही, तर पहिल्या वेळेस लवकर गेलो म्हणून दवाखान्यातून घरी पाठवलं होतं आणि त्यावरून नात्यात थट्टा झाली होती. साडेदहाला कळा दर सात-आठ मिनिटांनी यायला लागल्या. अम्मी म्हणाल्या, अजून वेळ आहे, फजर होऊ दे, उजाडलं की निघू. बाहेरचा तेव्हा गावातच, पण एका मयतीच्या घरी बसलेला. फोन घरीच चार्जिंगला लावलेला. तो आल्याशिवाय निघायचं कसं, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण तासभर सगळं घर त्याच प्रश्नाखाली बसून होतं.

हा तास आम्हाला अजून टोचतो. बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी 1994 साली एक साधी गोष्ट मांडली. बाई दगावते ती बहुतेक वेळा तीन उशिरांपैकी कुठल्यातरी एकामुळे. घरातून निघायचं ठरवण्यातला उशीर, पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. दुसरा आणि तिसरा उशीर आपण रस्त्यावर आणि सरकारवर ढकलू शकतो. पहिला उशीर मात्र पूर्ण आपला, आपल्या अंगणातला. आमच्या घरी तो कुणाच्या दुष्टपणामुळे झाला नाही. सगळे एकमेकांचा मान राखत होते, त्यामुळे झाला.

शेवटी निर्णय घेतला तो नणंदेनं. ती माहेरी आलेली होती. तिनं सरळ शेजारच्या भाऊंचं दार वाजवलं. भाऊंची बोलेरो बाजारहाटाला, लग्नाकार्याला सगळ्या गल्लीला उपयोगी पडते. ते बनियनवरच बाहेर आले. म्हणाले, “गाडी दाराशी लावतो, तुम्ही वैनीले घेऊन या. दादा येतीन मांगून.” आशाताईंना फोन लावला, त्या वाटेत बसल्या. तेवढ्यात बाहेरचा धावत आला आणि आपल्याच घरातून निघालेल्या गाडीत शेवटचा चढला.

(नऊ महिन्यांत आम्ही गाडीचं बोलून ठेवलं नव्हतं, हे इथं कबूल करतो. 102 नंबरची सरकारी गाडी गरोदर बाईसाठी फुकट असते. घरून दवाखान्यात, गरज पडली तर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, आणि बाळंतपण झाल्यावर परत घरी. आशाताईंनी दोनदा सांगितलं होतं. आम्ही ‘हो हो’ म्हटलं होतं.)

घाटात पाऊस होता. प्रत्येक वळणावर आतली मागच्या सीटवर नणंदेच्या मांडीत तोंड खुपसून ओरडत होती. पुढं बसलेला बाहेरचा आयतुल कुर्सी पढत होता. मध्येच विसरायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. भाऊंनी गाडी इतकी जपून चालवली, की एका खड्ड्याला सुद्धा ती उसळली नाही. नंतर त्यांनी सांगितलं, आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सिस्टरनं तपासलं. पिशवीचं तोंड बरंच उघडलं होतं. मग तिनं दारात येऊन विचारलं, “आत एकच जण. बाईमाणूस. कोण येतं?”

हा प्रश्न ऐकून आम्ही सगळेच गडबडलो, कारण पहिल्या वेळेस तो कुणी विचारलाच नव्हता.

पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं होतं, दुसऱ्या एका दवाखान्यात. त्याचं नाव-गाव लिहीत नाही. तिथं आतली सहा तास एकटी होती. एकटी म्हणजे खोलीत आणखी दोन बाया होत्या, येणारे-जाणारे होते, पण तिचं कुणी नव्हतं. पाणी मागितलं तर मिळालं नाही. ओरडली तर जे शब्द ऐकावे लागले, ते या मासिकात छापण्यासारखे नाहीत. ज्या बायांनी ऐकलेत त्यांना न छापताही कळतील. बुरख्यावरून एक शेरा आला, ‘तुमच्यात तर दरवर्षीच’ असा एक आला. ते तिचं पहिलंच मूल होतं. मोठा अल्हम्दुलिल्लाह सुखरूप झाला, पेढे वाटले गेले आणि त्या सहा तासांबद्दल तिनं चार वर्षं कुणाला काही सांगितलं नाही. बाहेरच्यालासुद्धा नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिला रात्री घाम सुटून जाग यायची. आम्हाला वाटायचं, अशक्तपणा असेल.

तर कोण येतं? अम्मी पुढं झाल्या. सून त्यांची, घर त्यांचं, वयानं मोठ्या त्या. आणि आतलीनं, कळ ओसरल्यावर, नणंदेचा हात धरला. म्हणाली, “आपा येऊ दे.”

अम्मी काही बोलल्या नाहीत. बाकावर जाऊन बसल्या आणि तस्बीह काढली. पण त्यांचा चेहरा पडलेला बाहेरच्यानं पाहिला. आईच्या बाजूनं बोलावं की बायकोच्या, हे त्याला सुचेना. खरं तर त्या घडीला दोन्ही बाजू घेण्याची गरज नव्हती. पण आपल्याकडे मुलग्यांना हे कुणी शिकवत नाही.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्या ओळखीतल्या दहा घरांत विचारलं तर नऊ घरांना ती माहीत नव्हती. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईसोबत तिच्या पसंतीची एक बाई राहू शकते, अशी सूचना केंद्र सरकारनं 2016 सालीच दिलेली आहे. अटी साध्या आहेत. सोबतिणीला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, डॉक्टर-सिस्टरच्या कामात हात घालू नये आणि दुसऱ्या बायांकडे जाऊ नये. पुढं 2017 साली प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम आला, त्यातही ही गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली हेच सांगितलं आणि ‘तिच्या पसंतीची’ यावर भर दिला. सासूच्या नाही, नवऱ्याच्या नाही, तिच्या पसंतीची. हे लाडाकोडापायी नाही. 17 देशांतले 26 अभ्यास, 15 हजारांहून जास्त बाया, हे सगळं एकत्र करून पाहिलं तेव्हा दिसलं, की जिच्याजवळ सतत कुणी धीर देणारं माणूस होतं तिच्या कळा थोड्या लवकर आटोपल्या, आपसूक बाळंतपण होण्याचं प्रमाण वाढलं आणि ऑपरेशनची गरज कमी पडली. धीराचा हात हे औषधासारखं काम करतो, हे आपल्या नानी-दादींना अभ्यासाशिवाय ठाऊक होतं. बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं, हे फार चांगलं झालं. पण जाताना आपण तो हात उंबरठ्यावरच ठेवून गेलो.

आपल्या घरांत गरोदरपणी सूरह मरियम पढायची रीत आहे. आतलीनंही दोन्ही वेळेस पढली होती. पण अर्थासह नीट वाचली ती त्या रात्रीनंतर. हजरत मरियम कळांनी व्याकूळ होऊन खजुराच्या बुंध्याशी येतात आणि म्हणतात, याआधीच मी मरून गेले असते तर बरं झालं असतं. इतकं टोकाचं बोलणं. आणि त्यावर जे उत्तर येतं त्यात रागावणं नाही, गप्प बसायला सांगणं नाही. दुःख करू नकोस, हा झरा वाहतोय, हे ताजे खजूर, खा, पी आणि डोळे निवव, अशा आशयाचं ते आहे. आम्ही आलिम नाही, तफसीर सांगायची आमची लायकी नाही. पण कळा देणाऱ्या बाईशी कसं बोलावं, हे यातून कुणालाही कळावं.

नणंदेनं तेच केलं, तिला तेव्हा हे सुचलं असेल-नसेल. दोन कळांच्या मध्ये घोट घोट पाणी, एकदा खजूर. उताणी झोपून राहण्यापेक्षा चाल, असं सिस्टरच म्हणाली. तर दोघी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत राहिल्या. कळ आली की आतली भिंतीला हात टेकून उभी राहायची आणि नणंद कमरेवर तळहाताचा दाब द्यायची. ओरडावंसं वाटलं तेव्हा ती ओरडली. सिस्टर दर थोड्या वेळानं बाळाचे ठोके ऐकून कागदावरच्या आलेखात खूण करत होती. आतलीला आजही त्या खोलीतलं आठवतं ते पंख्याची कुरकुर आणि नणंदेच्या हाताला येणारा मेंदीचा वास.

पावणेतीनला मुलगी झाली. रडली. नाळ लगेच न कापता थोडं थांबले, आईच्या छातीवर ठेवली. सिस्टरनं मांडीत इंजेक्शन दिलं, वार पडली. नणंदेनं दार किलकिलं करून बाहेर सांगितलं, “मुलगी!” बाहेरच्यानं आणि अम्मींनी एकदमच अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. भाऊ चहा आणायला निघाले.

आणि इथून पुढं दार बंद झालं ते पाऊण तास.

आतलीच्या बाजूनं सांगायचं तर दुखत काहीच नव्हतं. उलट सगळं दुखणं संपलं होतं. अंगाखाली कोमट, ओलं लागत होतं, तिला वाटलं असंच असतं. मग थंडी वाजायला लागली. कानात कापूस भरल्यासारखं झालं. सिस्टरनं पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला, एवढं तिला दिसलं. पोट जोरजोरानं चोळायला लागली, दुसरीला हाक मारली, डॉक्टरीणबाईंना बोलावलं, दोन्ही हातांना सलाईन. नणंदेला कोपऱ्यात उभं केलं, बाळाला तिच्या कवेत देऊन. आतलीला खूप झोप येत होती. नणंद कोपऱ्यातून तिला नावानं हाका मारत राहिली. मध्येच शिव्यासुद्धा घातल्या, लहानपणी दोघींमध्ये चालायच्या त्या (दोघी एकाच शाळेतल्या). आतली म्हणते, त्या शिव्यांनी मला जागं ठेवलं.

नंतर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. नऊ महिने भरत आले की दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गर्भपिशवीकडे धावत असतं. वार सुटली की तिथल्या सगळ्या नसांची तोंडं उघडी पडतात. ती बंद होतात ती मुख्यतः पिशवी आवळली म्हणून. मुठीत चिंधी पिळावी तशी. पिशवी थकली, सैल राहिली, तर नळ उघडाच राहतो. बाळंतपणानंतर जास्त रक्त जाण्याच्या दहापैकी सात वेळा कारण हेच असतं, आणि कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. पहिलं बाळंतपण सुरळीत झालेल्या बाईलाही होतं. म्हणून बाळ झाल्या झाल्या ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन सगळ्यांनाच देतात. तेवढ्यानं बहुतेकींचं भागतं, काहींना पुढची औषधं लागतात. आतली त्या काहींपैकी होती. त्यात अंगात रक्त आधीच कमी. देशात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं. लोहाच्या गोळ्या तिला मिळाल्या होत्या. त्यांनी तोंड कडू होतं म्हणून अर्ध्या कपाटात पडल्या होत्या, आणि बाहेरच्यानं कधी विचारलं नव्हतं.

बाहेरच्याच्या बाजूनं सांगायचं तर दार उघडलं आणि एक सिस्टर घाईनं म्हणाली, रक्त लागेल, पेशंटचा रक्तगट काय?

त्याला माहीत नव्हता. मोटारसायकलचा नंबर पाठ, सोयाबीनचा भाव पाठ, सात बाऱ्यावरचा गट नंबर पाठ. बायकोचा रक्तगट माहीत नव्हता. तो तिच्या माता-बाल कार्डावर लिहिलेला होता आणि कार्ड कुठंय हेही त्याला माहीत नव्हतं. ते अम्मींनी आणलं होतं. निघायच्या घाईत, कुणी न सांगता, त्यांनी ते पिशवीत सगळ्यात वर ठेवलं होतं. त्यांनी ते काढून दिलं आणि पुन्हा बाकावर बसल्या. दवाखान्यानं स्वतः तपासून घेतलंच, पण कार्डामुळे रक्त काढून ठेवायला तेवढी सवड मिळाली. भाऊ चहाचे कप हातात घेऊन आले, ऐकलं, कप बाकावर ठेवले आणि म्हणाले, माहं घ्या. त्यांचं रक्त सरळ आतलीला चढवलं गेलं नाही, तसं करत नाहीत. तपासलेली पिशवी साठ्यातून आली. भाऊंनी सकाळी जाऊन आपलं देऊन ती भरून काढली. रक्ताचे पैसे पडले नाहीत, औषधाचेही नाहीत. 1 जून 2011 पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, रक्त, बाळंतिणीचं जेवण हे सगळं फुकट आहे. कुणी मागितलेच तर हे ठाऊक असलेलं बरं.

साडेतीननंतर रक्त थांबलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन बुऱ्हाणपूरला गेलो होतो. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला सीमा लागते त्या बाजूचं. मोठ्याच्या पुस्तकात ताजमहाल आला होता. त्याला सांगितलं, ताजमहाल आग्र्याला, पण जिच्यासाठी बांधला ती गेली इथं. तापीकाठच्या शाही किल्ल्यात हमामखाना आहे, छतावर रंगीत वेलबुट्टी अजून थोडी शिल्लक आहे. मुमताज महल याच शहरात 17 जून 1631 ला वारली. वय 38. निकाहाला 19 वर्षं झाली होती आणि चौदावं बाळंतपण होतं. सात मुलं आधीच दगावलेली. तीस तास कळा चालल्या असं सांगतात. मुलगी झाली, गौहर आरा, ती पुढं 75 वर्षं जगली. आई रक्त जाऊन गेली. नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केलं आणि सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं.

मुलं तिथं धावपळ करत होती आणि आम्ही दोघं त्या भिंतींकडे बघत उभे राहिलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. तिच्या पदरी सती-उन-निसा खानम होती, कुराण आणि हिकमत दोन्ही जाणणारी. दरबारात वजीर खानांसारखे हकीम होते. जगातला सगळ्यात श्रीमंत नवरा त्याच शहरात होता. तिच्याजवळ आपली माणसं होती, पण पिशवी आवळणारं आजचं औषध तेव्हा जगात कुठंच नव्हतं. आतलीच्या पहिल्या वेळेस औषध होतं आणि माणूस नव्हतं. दुसऱ्या वेळेस नशिबानं दोन्ही होतं. 2018-20 च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 बाया दगावल्या, देशात 97. देशाचा आकडा खाली येतोय, ही अल्लाहची मेहरबानी आणि कितीतरी सिस्टर-डॉक्टरांची रात्रपाळी. पण त्या 33 मध्ये प्रत्येक जण कुणाची तरी सून आहे, आणि दाराबाहेर कुणीतरी रक्तगट आठवत उभा आहे.

उजाडल्यावर बाहेरच्याला आत सोडलं. मुलीच्या कानात अजान द्यायची होती. पहिल्या शब्दालाच आवाज फुटेना. आतली पांढरीफटक पडून त्याच्याकडे बघत होती. त्यानं तिसऱ्या प्रयत्नात अजान पूर्ण केली. कॉटशेजारची जालन्याकडची एक बाळंतीण, कपाळाला मोठं कुंकू लावलेली, म्हणाली, “दादा, माझ्या पोरालाही काही चांगलं म्हणा की कानात.” त्यानं दुआ केली.

शहदावरून थोडं झालं. अम्मींनी घरून छोटी बाटली आणली होती. सिस्टर नाही म्हणाली. वर्षाच्या आत मध नको, त्यात एका जंतूचे बीजकण असू शकतात, मोठ्यांना त्रास होत नाही पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि अंग लुळं पडू शकतं. पहिल्या तासात आईचा चीकच. अम्मींनी बाटली परत ठेवली. आम्हाला वाटलं, वाद होईल. त्या एवढंच म्हणाल्या, शहद पुढच्या वर्षी चाटेल.

घरी आल्यावर पहिले चोवीस तास कुणी ना कुणी जागं राहिलं, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं तसं. तासाभरात घडी पूर्ण भिजली, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, हातपाय गार पडले, की पुन्हा घाट चढायचा. सकाळची वाट बघायची नाही.

अम्मींचा तो पडलेला चेहरा मात्र घरात महिनाभर राहिला. त्या सगळं करत होत्या. डिंकाचे लाडू, अजवायनचं पाणी, मुलीची मालिश. पण आतलीशी कामापुरतं बोलायच्या. चिल्ल्याच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी, मुलीला पायांवर घेऊन तेल लावता लावता, त्या आपणहून बोलल्या. त्यांची एक जाऊ होती. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, बाहेरच्यालाही नाही. त्याच्या जन्माआधीची गोष्ट. घरीच बाळंत झाली, मुलगा झाला, सगळे बाहेर पेढ्यांचं बोलत होते. दाई बाळाला अंघोळ घालत होती. आणि जाऊबाई पडद्याआड एकट्याच पडून होत्या. “मी पडदा सारला तेव्हा गोधडी भिजून खाली आलं होतं. म्हणाली, झोप येतेय. मी म्हटलं, झोप.” एवढं बोलून अम्मी थांबल्या. मग म्हणाल्या, “मला आत यायचं होतं ते मान म्हणून नाही. तुला झोपू द्यायचं नव्हतं.”

आतलीनं त्यांना नणंदेच्या शिव्यांबद्दल तोवर सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. कुठल्या शिव्या, तेही सांगितलं. अम्मी आधी तोबा तोबा म्हणाल्या आणि मग इतक्या हसल्या, की मुलगी दचकून रडायला लागली.

धाकट्या दिराच्या बायकोला पुढच्या महिन्यात नववा भरतोय. पहिलटकरीण आहे, घाबरते. परवा जेवताना विषय निघाला तर तिनं सांगून टाकलं, माझ्यासोबत आत अम्मी येतील. धाकट्याला आम्ही बायकोचा रक्तगट विचारला. त्याला आला. लोहाच्या किती गोळ्या उरल्यात, तेही सांगितलं. भाऊंनी नवीन टायर टाकलेत. अम्मींची पिशवी खुंटीला लटकलेली आहे. त्यात धुतलेल्या सुती साड्यांच्या घड्या, खजूर, तस्बीह, आणि सगळ्यात वर कार्ड.